ऐंशी मीटरवरचे ओठ

ही घटना खरी आहे.

या पानावर प्रत्येकजण असंच लिहितो, हे मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात मी इथल्या दहा-बारा गोष्टी वाचल्या. बरोबर बारा वाजता बंद पडणारी गाडी. आपोआप उघडणारं दार. आरशातली बाई. एकालाही दिवस धड आठवत नाही आणि वारा कुठून वाहत होता हे तर कुणी सांगतच नाही.

मी सांगते.

शनिवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. आकाश स्वच्छ. पूर्ण ओहोटी. वारा जमिनीकडून समुद्राकडे. जागा म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्यावर एकशे बाराव्या किलोमीटरचा दगड, आणि तिथून खाली चालत अकरा मिनिटं.

रात्र नव्हती. ज्यांना अंधार हवा असेल त्यांनी दुसरी गोष्ट वाचावी.

मी लोकांचे कान तपासते. आवाजबंद खोलीत माणसाला बसवते, कानावर हेडफोन चढवते आणि बाहेरून मशीनवर एकेक बारीक आवाज सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. सतरा वर्षं हेच करते आहे. ऐकू न येणाऱ्यांना ओठ वाचायलाही शिकवते.

माझी नणंद, म्हणजे ताई, गेल्या चार वर्षांपासून माझी विद्यार्थिनी आहे.

ताई पहिलीच्या वर्गाला शिकवते. बावीस वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी तिचे दोन्ही कान जायला लागले. आधी घंटा गेली, मग पक्षी, मग पोरांचे आवाज. यंत्र लावून थोडं कळतं, बाकीचं ती ओठांवरून वाचते. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तिला सोमवारपर्यंत प्रमाणपत्र आणायला सांगितलं होतं. वर्ग सांभाळण्याइतकं तिला समजतं का, एवढंच त्यात लिहायचं होतं.

लिहायचं होतं मी.

शाळा सुटली तर ताईकडे काय उरतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उरतात ते दाजी.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, फरशा विकतात. पण त्यांना कळत नाही असा विषय जगात नाही. इंजिन, हृदयविकार, शेजारच्या देशाचं राजकारण, आणि अर्थातच कान. मला ते "डॉक्टरीणबाई" म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे त्यांना अकरा वर्षांत अकरा वेळा सांगून झालं आहे. ताईने राजीनामा देऊन घरी बसावं असं त्यांचं मत होतं. आपलं मत हाच निकाल, असा त्यांचा समज आहे.

त्यांची एक सवय आहे. ताईचं तोंड दुसरीकडे वळलं की ते तिच्याबद्दल बोलतात. हसत हसत, आवाजही न चोरता. चोरायचा कशाला?

"बायको बहिरी असण्यासारखं सुख नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. "भांडण एकाच बाजूने होतं." पाहुण्यांसमोर ते ताईच्या पाठीमागे उभे राहून हे म्हणतात, आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवून तिच्याकडे बघून गोड हसतात. तीही हसते.

माझा नवरा स्वभावाने गरीब आहे. म्हणजे तो कुणालाच काही बोलत नाही. सख्ख्या बहिणीबद्दल हे ऐकून तो चष्मा पुसत बसतो.

मीही कधी काही बोलले नाही.

त्या शनिवारी समुद्राकाठच्या रस्त्याने फिरायला जायची कल्पना दाजींचीच होती. गाडी त्यांची, रस्ता त्यांनीच निवडलेला, निसर्गही जणू त्यांनीच लावलेला. "बघा, बघा," असं ते दर वळणावर म्हणत होते. ताई त्यांच्या मागच्या सीटवर बसली होती, मी तिच्या शेजारी. ती काचेतून बाहेर बघत होती.

एकशे दहाव्या किलोमीटरला दाजी पुढे बघत म्हणाले, "पोरं हिला दगड म्हणत असतील वर्गात. दगडासमोर पाढे म्हणायचे म्हणजे करमणूकच."

नवऱ्याने चष्मा पुसला.

एकशे बाराव्या दगडाशी गाडी थांबवायला जागा होती. तिथे एक लोखंडी पाटी होती, पण खाऱ्या वाऱ्याने तिच्यावरची अक्षरं खाल्ली होती. खाली काळे कडे आणि त्यांच्या पोटात राखाडी वाळूची लांब पट्टी. एकही माणूस नाही. असे किनारे फक्त जाणकारांना सापडतात, असं दाजींनी जाहीर केलं आणि आम्ही उतरलो.

वाट सरळ होती. वाळू घट्ट होती.

वाळूवर कुणाचीच पावलं नव्हती. खेकड्यांची बिळं नव्हती. पक्षी नव्हते.

हे मी तेव्हाच टिपलं होतं. नंतर जुळवून सांगत नाही.

आम्ही फ्लास्कमधली कॉफी प्यायलो. दाजींनी फोटो काढले. मग आम्ही पाण्याच्या कडेने चालत गेलो आणि एका ओढ्यासारख्या पट्ट्यापाशी थांबलो. समुद्राचं पाणी तिथे वाळू कापून आत शिरलं होतं. पट्टा रुंद होता. पलीकडे एक सपाट खडक.

खडकावर एक माणूस उभा होता.

तो आम्हा चौघांनाही दिसला. फिकट शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, हात अंगाला चिकटलेले. तोंड आमच्याकडे. नवरा नकाशे काढण्याचं काम करतो, त्याचा अंतराचा अंदाज सहसा चुकत नाही. तो म्हणाला, ऐंशी मीटर.

तो माणूस बोलत होता. जबडा हलताना दिसत होता. आवाज येत नव्हता. वारा आमच्याकडून त्याच्याकडे होता, तेव्हा येणारही नव्हता.

दाजींनी "ओ साहेब" म्हणून दोनदा हाक मारली. तो बोलतच राहिला.

मग दाजी ताईकडे पाठ करून उभे राहिले आणि मला म्हणाले, "घ्या डॉक्टरीणबाई. चार वर्षं शिकवताय ना हिला? विचारा, काय म्हणतोय तो. नाही सांगता आलं तर सोमवारचा कागद लिहायचे कष्ट तरी वाचतील."

इथे मी चूक केली.

ओठ वाचायचं अंतर पाच-सहा मीटर असतं. उजेड उत्तम असेल तर दहा. ऐंशी मीटरवरून कुणीही ओठ वाचू शकत नाही, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या फरशीवाल्याचं तोंड एकदा बंद व्हावं, असं मला वाटलं. ताईने काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटं ठरवणार कोण होतं?

शिकवताना माझे तीन नियम असतात. मी मनगटावर दोन बोटं टेकवली की सराव सुरू. समोरच्याच्या ओठांवर जे दिसेल ते शब्दाला शब्द मोठ्याने म्हणायचं, अर्थ लावायला थांबायचं नाही. अर्थ लावत बसलं की पुढचं वाक्य निसटतं. आणि बोलणाऱ्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला की सराव संपला. तोवर थांबायचं नाही.

मी ताईला तो माणूस दाखवला आणि तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवली.

ताई त्याच्याकडे बघायला लागली. डोळे बारीक केले नाहीत, मान पुढे काढली नाही. पाच मीटरवरच्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

मग म्हणाली...

"या. इकडे उथळ आहे."

दाजी हसले. पाण्यापलीकडे उभा असलेला माणूस दुसरं काय म्हणणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल, असं म्हणाले.

"घोटाभर पाणी आहे," ताई म्हणाली. सरावात असतो तसाच सपाट आवाज. चढ नाही, उतार नाही. "या. या."

मग एक क्षण थांबली. खडकावरचा जबडाही तेवढाच थांबला होता.

"बायको बहिरी असण्यासारखं सुख नाही. भांडण एकाच बाजूने होतं."

नवऱ्याचा हात चष्म्याकडे गेला. ताई थांबली नाही.

"पोरं हिला दगड म्हणत असतील वर्गात. दगडासमोर पाढे म्हणायचे म्हणजे करमणूकच."

मी दाजींकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं.

मला वाटलं, आरसा. गाडीच्या आरशात तिला दाजींचे ओठ दिसले असतील. पाहुण्यांसमोरचं वाक्यही कुठल्यातरी काचेत दिसलं असेल. म्हणजे हिला सगळं ठाऊक आहे आणि आज ती संधी साधते आहे. मला आनंद झाला. खरंच झाला. शाबास ताई, असंही मनात म्हणाले.

ताई पुढे म्हणाली...

"हिला शिकवून काय उपयोग. भिंतीला शिकवावं."

हे वाक्य दाजींचं नव्हतं.

ते माझं होतं.

गुरुवारी ताईची चाचणी झाल्यावर तिला घरी पाठवून मी आवाजबंद खोलीत हेडफोन पुसत होते. दार लावलेलं. आलेख वाईट आला होता. चार वर्षांची मेहनत, आणि तिने सोपी सोपी वाक्यं चुकवली होती. मी चिडले होते. एकटीच होते. त्या खोलीच्या भिंती सव्वा फूट जाड आहेत. आत कुणी किंचाळलं तरी बाहेर ऐकू येत नाही, आणि मी तर पुटपुटले होते.

तिथे आरसा नाही.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याला त्या वाक्यातून काही कळलं नव्हतं. दाजींनाही नाही. त्या किनाऱ्यावर ते वाक्य ओळखणारी मी एकटीच होते.

आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं...

लाटांचा आवाज येत नव्हता.

लाटा येत होत्या. फुटत होत्या. फेस वाळूवर पसरत होता. आवाज नव्हता. मी कानाशी चुटकी वाजवली. चुटकी ऐकू आली. नवऱ्याचा श्वास ऐकू आला. समुद्र तेवढा मुका झाला होता, आणि ताईचा सपाट आवाज चालू होता.

"या. एकेक जण या."

दाजींना राग आला. घाबरले असते तर बरं झालं असतं, पण घाबरायलाही थोडी अक्कल लागते. ही ठरवून केलेली चेष्टा आहे, ओळखीतल्या कुणालातरी मीच तिथे उभं केलं आहे, असं त्यांनी ठरवलं. त्या माणसाचं तोंड जवळून बघतोच, म्हणाले आणि बूट न काढता पाण्यात शिरले.

पहिलं पाऊल घोट्यापर्यंत.

दुसरंही घोट्यापर्यंत.

"अजून एक," ताई म्हणाली.

तिसऱ्या पावलाला दाजी छातीपर्यंत आत गेले. ओरडले असतील. तोंड उघडलेलं मला दिसलं. आवाज माझ्यापर्यंत आला नाही.

"अजून एक," ताई म्हणाली. "अजून एक."

नवरा पोटावर आडवा पडला आणि त्याने कॅमेऱ्याच्या बॅगेचा पट्टा पुढे फेकला. मी त्याचे पाय धरले. पाणी दाजींना ओढत होतं, पण समुद्राकडे नाही. आडवं ओढत होतं, खडकाकडे. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी घड्याळ बघितलं नाही, सतरा वर्षांत पहिल्यांदाच. दाजी वाळूवर आले तेव्हा एक बूट नव्हता आणि नाकातोंडातून पाणी येत होतं.

मी मान वर केली. पलीकडे माणूस नव्हता.

खडकही नव्हता. सलग पाणी होतं.

ताई अजून तिकडेच बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज आता खाली गेला होता, शब्द कळत नव्हते. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. सराव संपला. चार वर्षांत हजारो वेळा केलेली खूण. तिने मान थोडी बाजूला केली. मी तिच्या आड येत होते.

तेव्हा मला कळलं, मी काय केलं होतं ते. सराव बोलणाऱ्याने संपवायचा असतो. त्या सरावात बोलणारी मी नव्हते.

आम्ही तिला दंड धरून वर आणलं. सगळी चढण ती उलटी चालली. समुद्राकडे पाठ करायला तयार नव्हती. गाडीचं दार लागलं तशी ती शांत झाली. दाजींकडे बघून तिने विचारलं की तुम्ही इतके भिजलात कसे. "या, इकडे उथळ आहे" यापुढचं तिला काहीच आठवत नव्हतं. आपण नीट वाचलं का, एवढं मात्र तिने मला दोनदा विचारलं.

मी हो म्हटलं.

लाटांचा आवाज परत कधी सुरू झाला, ते मला सांगता येणार नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींना कारण देता येतं. उलट्या वाऱ्यात लाटांचा आवाज दबतो. ओहोटीच्या वेळी वाळूखाली खोल चर असतात. उन्हात ओला फेस खडकासारखा दिसतो. भीतीत माणसाचे कान बधिर होतात, हे तर मीच विद्यार्थ्यांना शिकवते. गुरुवारच्या त्या वाक्याला मात्र कारण देता येत नाही. मी खूप प्रयत्न केला.

सोमवारी मी प्रमाणपत्रावर सही केली. "वर्गाध्यापनास योग्य."

आलेख तसं म्हणत नव्हता. पण नाही म्हणायचं तर ताईच्या तोंडावर काय सांगणार होते मी? मला जे वाटत होतं ते मी एकदा बोलून चुकले होते, आणि ते तिच्याच तोंडून परत ऐकलं होतं. सही करणं सोपं होतं. याला लोक दया म्हणतात. मी त्याला भित्रेपणा म्हणते.

ताईची शाळा वाचली. दाजी आता तिच्या पाठीमागे काही बोलत नाहीत. घरात बोलताना तोंडावर रुमाल धरतात आणि सर्दी झाली आहे म्हणून सांगतात. दोन महिने सर्दी. मला हसू यायला हवं होतं.

मुख्याध्यापिकाबाईंचा मधे फोन आला. ताईंचा वर्ग इतका शांत कधीच नव्हता, असं कौतुकाने सांगत होत्या. मुलं नजर हलवत नाहीत, म्हणाल्या. ताईंच्या मागोमाग सगळं एका सुरात म्हणतात.

त्यानंतर तीन आठवड्यांनी पहिली आई आली. सात वर्षांची मुलगी, हाक मारली तर बघत नाही. मी तपासलं. दोन्ही कान उत्तम. पुढच्या आठवड्यात दुसरं मूल. मग तिसरं. तक्रार एकच, हाकेला ओ देत नाही. कान उत्तम. तिसऱ्याच्या वेळी मी शाळेचं नाव विचारलं, मग वर्ग विचारला.

त्या रात्री मी शाळेला पत्र लिहिलं. प्रमाणपत्र मागे घेते आहे, असं. कारणाच्या जागी काय लिहायचं ते सुचेना. खरं लिहिलं तर माझं काम जातं, आणि ताईची शाळा तर जातेच. पावणेदोनला मी ते पत्र फाडलं. नवरा झोपला होता. तुकडे मीच खाली जाऊन टाकून आले.

काल चौथी मुलगी आली.

तिला मी आवाजबंद खोलीत बसवलं, दार लावलं. बाहेर येऊन मशीनसमोर बसले. आमच्या मधे दुहेरी काच. मुलीने माझ्याकडे बघायचं असतं. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. माझ्यामागे भिंत आहे. भिंतीवर काही नाही.

मी अजून आवाज सोडला नव्हता.

तिचे ओठ हलायला लागले. आतला माईक चालू असतो, त्यामुळे माझ्या हेडफोनमध्ये मला स्वच्छ ऐकू आलं. सात वर्षांच्या मुलीचा आवाज, चढ नाही, उतार नाही...

"पत्र फाडलंस ते बरं केलंस."

मी मागे वळले नाही. चाचणी पूर्ण केली. वीस आवाज, वीसही बरोबर. आईला सांगितलं, कान उत्तम आहेत, काळजीचं कारण नाही. ती खूश होऊन गेली.

त्या वर्गात एकतीस मुलं आहेत.

हे सगळं मी शाळेला लिहायला हवं होतं. पालकांना सांगायला हवं होतं. त्याऐवजी इथे लिहिते आहे. तुम्ही आरशातल्या बाईवर जेवढा विश्वास ठेवता तेवढाच यावर ठेवाल, खाली "भारी" असं लिहाल आणि पुढच्या गोष्टीकडे जाल. मला ते माहीत आहे.

म्हणूनच ही जागा निवडली.